चाकाचं बेअरिंग वाजतंय की टायर? जुन्या गाडीतला आवाज पकडायची पद्धत

ताशी ४० किमीच्या आसपास घूंऽऽ असा आवाज सुरू होतो, ६०ला वाढतो आणि वेग उतरला की विरून जातो. जुन्या मारुती ८००, अल्टो किंवा बोलेरोत हा आवाज आला की ‘बेअरिंग गेलं’ असं म्हणायची घाई होते. बऱ्याचदा ते खरंही असतं. पण वेडावाकडा घासलेला टायर हुबेहूब तसाच घुमतो. शिवाय बेअरिंग खरंच गेलेलं असलं तरी ते कुठल्या चाकाचं, हे नुसत्या कानाला नीट कळत नाही. आवाज पत्र्यातून फिरतो, त्यामुळे पुढच्या चाकाची घूंघूं मागच्या सीटखालून आल्यासारखी वाटते. अंदाजाने एक बेअरिंग बदलायचं, आवाज तसाच राहिला की दुसरं, यात पैसे जातात आणि चांगली बसलेली बेअरिंगही उगाच उपटली जातात. म्हणून आधी चालवून, मग जॅकवर, आणि सगळ्यात शेवटी खोलून, हा क्रम सोडू नका.

चालवून बघायला सपाट, मोकळा रस्ता हवा. काचा वर, एसी आणि पंखा बंद. ताशी ६० वर गाडी न्यूट्रल करा आणि इंजिन आयडलला येऊ द्या. चावी बंद करू नका, स्टिअरिंग लॉक होऊ शकतं आणि ब्रेकला मिळणारी व्हॅक्युमची मदत जाते. आवाज इंजिनासोबत खाली आला तर चाकांचा नाद सोडा, इंजिन-क्लच-गिअरबॉक्सकडे बघा. आवाज तसाच राहून फक्त वेगाबरोबर उतरत गेला तर तो चाकांच्या बाजूचा. बोलेरोसारख्या, इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जाणाऱ्या गाडीत आणखी एक गोष्ट तपासा. ॲक्सिलरेटर दाबताना एक सूर आणि सोडल्यावर दुसरा येत असेल तर संशय डिफरन्शिअलवर (दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरांच्या पेटीवर) जातो. चाकाच्या बेअरिंगला ॲक्सिलरेटरशी देणंघेणं नसतं.

आता त्याच वेगात, मागेपुढे कोणी नाही हे बघून, स्टिअरिंग हलकेच डावीकडे-उजवीकडे झुलवा. लांबट वळणांचा रस्ता मिळाला तर उत्तमच. गाडी डावीकडे वळते तेव्हा वजन उजव्या चाकांवर पडतं. डावीकडे वळताना आवाज वाढला आणि उजवीकडे वळताना कमी झाला, तर संशय उजव्या बाजूवर. उलट झालं तर डाव्या. ही चाचणी बाजू सांगते, पुढचं की मागचं ते सांगत नाही, आणि दोन्हीकडची बेअरिंग थकली असतील तर गोंधळात टाकते. म्हणून हिच्यावर एकटीवर निकाल देऊ नका. याच फेरीत ब्रेकला हलका पाय लावून बघा. खरखर लगेच बदलली तर पॅड, लायनर किंवा डिस्कमागच्या पत्र्यात अडकलेला खडा शोधा. स्टिअरिंग पूर्ण कापून हळू वळताना येणारी कटकट ही सीव्ही जॉइंटची (पुढच्या चाकाला फिरवणाऱ्या दांड्याच्या सांध्याची), बेअरिंगची नव्हे.

टायरला मात्र पुरेसा वेळ द्या, सगळ्यात जास्त फसवणूक तोच करतो. डांबरावरून सिमेंटच्या रस्त्यावर गेल्यावर आवाजाचा पोत बदलला तर टायरचा संशय घ्या. बेअरिंगला खालचा रस्ता कुठला हे कळत नाही. गाडी थांबवून टायरच्या नक्षीवरून तळहात एकदा पुढच्या दिशेने आणि एकदा मागच्या दिशेने फिरवा. घासून तार उघडी पडलेली नाही ना, हे आधी डोळ्यांनी बघा, ती हात कापते. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीच्या दातांसारखं लागत असेल, किंवा वीतभर अंतरावर खळगे जाणवत असतील, तर आवाज करायला तो टायर एकटा पुरे. तरीही शंका असेल तर पुढची चाकं मागे आणि मागची पुढे, त्याच बाजूला, बदलून घ्या आणि तोच रस्ता पुन्हा चालवा. आवाज टायरसोबत जागा बदलतो की जागेवर राहतो, यातून मिळणारं उत्तर बाकी कुठल्याही चाचणीपेक्षा पक्कं असतं.

मग जॅक. जमीन सपाट आणि टणक हवी. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्हीकडून ओंडके लावा. गाडी उचलल्यावर खाली स्टँड द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात आत घालू नका. मागचं चाक फिरवायचं असेल तर हँडब्रेक सोडावा लागतो, तेव्हा पुढच्या चाकांचे ओंडके दोनदा तपासा.

चाक वर आणि खाली, घड्याळाच्या १२ आणि ६ वर धरून आत-बाहेर हलवा. खट् असा प्ले, म्हणजे ढिलेपणा, लागला तर सोबतच्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले गायब झाला तर तो बेअरिंगचा, कारण ब्रेकने हब (चाक ज्यावर बसतं तो फिरणारा भाग) आणि नकल (हबला धरणारा न फिरणारा भाग) एकमेकांना जखडले गेले. तरीही हलत असेल तर बॉल जॉइंट किंवा सस्पेन्शनचा एखादा सांधा ढिला आहे. फक्त ३ आणि ९ वर धरून हलत असेल तर टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचा चाकाकडचा सांधा) बघा.

प्ले नाही म्हणजे बेअरिंग ठीक, असं समजू नका. ८००च्या पुढच्या चाकातली बॉल बेअरिंग घुमायला लागतात तेव्हा हाताला कित्येकदा काहीच लागत नाही. इथे दुसरी खूण कामाला येते. एका हाताने चाक जोरात फिरवा आणि दुसऱ्या हाताची बोटं सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर हलकी टेकवा. चांगलं बेअरिंग फिरतं तेव्हा स्प्रिंग गप्प असते. खराब असेल तर वाळूवरून काही ओढावं तशी बारीक थरथर बोटांना कळते. स्प्रिंग हाताशी नसेल तर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक नकलवर, फिरणाऱ्या भागापासून दूर, टेकवून मूठ कानामागच्या हाडाला लावा. दोन्ही बाजू ऐकूनच निकाल द्या. आणि पुढचं चाक न्यूट्रलमध्ये फिरवताना सोबत गिअरबॉक्सचा आवाजही येतो, तो वेगळा ओळखा. एक चाक उचलून इंजिनवर फिरवू नका: डिफरन्शिअलमुळे ते चाक स्पीडोमीटर दाखवतो त्याच्या दुप्पट वेगाने फिरतं.

१०-१५ किमी चालवून, ब्रेक कमीत कमी वापरून थांबल्यावर हबची उष्णता डाव्या-उजव्या बाजूला ताडून बघता येते. हात आधी लांब धरा, झळ जाणवली तर टेकवू नका. पण अडकलेला ब्रेकही हब तापवतो, म्हणून चाक मोकळं फिरतंय का हे आधी बघा. हाताला स्पष्ट प्ले, खरड, जळक्या ग्रीसचा वास किंवा एकच हब भाजण्याइतका गरम, यातलं काहीही दिसलं तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टो करून न्या.

खोलल्यावर बेअरिंग फेकून देऊ नका, ते कशामुळे गेलं हे त्याच्यावरच दिसतं. ग्रीस ताकासारखं पांढुरकं असेल तर पाणी शिरलंय. पावसाळ्यात चाकबुडीच्या पाण्यातून गाडी काढली की थकलेलं सील ते अडवू शकत नाही. रोलर निळसर-तपकिरी झाले असतील तर ग्रीस संपलं होतं किंवा नट जास्त आवळला होता. केरोसीनने धुऊन, पुसून, कपच्या (रोलर ज्यात फिरतात त्या बाहेरच्या कड्याच्या) आतल्या चकचकीत पट्ट्यावरून नख हळू ओढा. नख अडकलं, पोपडा निघालेला दिसला किंवा रोलरच्या अंतराएवढ्या अंतरावर दबलेल्या रेघा दिसल्या, की ते बेअरिंग गेलं. अशा रेघा मोठ्या खड्ड्यातल्या दणक्याने किंवा बसवताना हातोडा मारल्याने पडतात. धुतलेलं बेअरिंग कॉम्प्रेसरच्या हवेने गरगरवू नका, तुटून अंगावर येऊ शकतं.

बसवताना सगळ्यात महाग पडणारी चूक नट आवळण्यात होते. बोलेरोच्या पुढच्या हबसारख्या ठिकाणी टेपर, म्हणजे एका टोकाला निमुळते, रोलर असतात. तिथे चाक फिरवत नट आवळून रोलर बसवायचे, मग नट ढिला करून फक्त हाताने टेकेल इतकाच लावायचा, आणि जवळचं भोक जुळवून नवी स्प्लिट पिन घालायची. डायल गेज असेल तर प्ले साधारण ०.०२५ ते ०.१२५ मिमीत हवा. गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा. ८००च्या मागच्या ड्रममध्ये मात्र दोन बॉल बेअरिंग आणि मध्ये स्पेसर असतो. तिथे नट मॅन्युअलमधल्या टॉर्कपर्यंत पूर्ण आवळायचा, ढिला करायचा नाही. दोन्हीची सवय एकमेकांत मिसळली की नवं बेअरिंगही थोड्या दिवसांत घुमायला लागतं.

दाबून बसणारं बेअरिंग नकलमध्ये घालताना जोर फक्त बाहेरच्या कड्यावर, हब आत दाबताना आतल्या कड्याला खालून आधार. जोर गोळ्यांमधून गेला तर खळगे तिथेच पडतात. टेपरचा कप आणि रोलर नेहमी एकाच जोडीचे नवे घ्या, सील जुनं परत लावू नका. ग्रीस व्हील बेअरिंगचं, लिथियम बेसचं, दोन नंबर घट्टपणाचं. तळहातावर घेऊन रोलरच्या जाड बाजूने दाबत राहा, बारीक बाजूने बाहेर येईपर्यंत. वेगळ्या जातीच्या जुन्या ग्रीसवर नवं थापू नका. हबची पोकळीही ठासून भरू नका, तापलेलं ग्रीस सील ढकलून लायनरवर येतं.

काम झाल्यावर तोच रस्ता, तोच वेग, तेच वळण. टेपर बेअरिंग असेल तर २००-३०० किमीनंतर चाक पुन्हा उचला, १२ आणि ६ वर धरून प्ले बघा, वाढला असेल तर नट परत लावा आणि स्प्लिट पिन नवी घाला.