घाबरलेलं मूल पुन्हा शाळेत जातंय? पालकांनो, या चुका टाळा

रविवारी दिवसभर हुंदडणारं मूल सोमवारी सकाळी पोट धरून बसलं, की घरात पहिला संशय येतो तो बहाण्याचा. पण ती पोटदुखी खरी असते. भीतीने पोटात कळ येते, मळमळतं, छाती धडधडते. डॉक्टरांकडून एकदा नीट तपासून घ्या आणि 'नाटकं करू नकोस' हे वाक्य घरातून हद्दपार करा.

काही आठवडे किंवा महिने शाळा सुटली असेल, तर 'सोमवारपासून पूर्ण दिवस जायचं' हा बेत बहुतेक वेळा दोन दिवसांत कोसळतो. पायऱ्या लहान हव्यात. आधी संध्याकाळी शाळा रिकामी असताना फाटकापर्यंत, मग शाळा सुटल्यावर वर्गात जाऊन बाईंना भेटणं, मग आवडीचा एकच तास. पुष्कळ मुलांना तासापेक्षा मधली सुट्टी जड जाते. गोंगाट असतो आणि डबा कोणासोबत खायचा हा प्रश्न असतो. म्हणून सुट्टीची पायरी नंतर घ्या आणि त्याआधी डब्यासाठी एक सोबती ठरवून ठेवा.

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे भीती ऐन भरात असताना मुलाला घरी आणणं. शाळेतून फोन येतो, मूल रडत असतं, आपण स्कूटर काढतो. घरी पोचताच मूल शांत होतं आणि निघून आलो म्हणूनच वाचलो, हे त्याच्या मनात पक्कं बसतं. पुढच्या वेळी भीती आणखी लवकर येते. खरं तर भीती चढते, थोडा वेळ टिकते आणि आपोआप उतरू लागते. ते उतरणं मुलाने शाळेतच अनुभवायला हवं. त्यासाठी आधीच जागा ठरवा. वाचनालय चालेल, ऑफिसबाहेरचा बाकही चालेल. तिथे दहा-पंधरा मिनिटं बसायचं, पाणी प्यायचं आणि परत वर्गात जायचं. घरी निघायचं ते ठरलेल्या वेळीच.

याची दुसरी बाजू पालक विसरतात. दिवस छान गेला की 'आता थांबच की शेवटपर्यंत' असा आग्रह होतो. तसं करू नका. ठरलेली वेळ आपण पाळली, तरच मूल पुढच्या पायरीवर आपल्यावर विसंबतं. 'मी बाहेरच आहे' असं सांगून गुपचूप निघून जाणंही याच कारणासाठी वाईट. एखादी पायरी झेपलीच नाही, तर ती अर्धी करा; सगळा बेत मोडू नका.

'त्यात काय घाबरायचं?' याने काही साधत नाही. 'भीती वाटतेय, कळतंय मला. ठरल्याप्रमाणे एकच तास बसायचंय,' एवढं पुरे. दर तासाला 'बरं वाटतंय ना?' विचारल्याने मात्र काळजीच वाढते. घरी राहिलेल्या दिवशी शाळेच्या वेळात मोबाईल-टीव्ही नको, तशी शिक्षाही नको.

शाळेशी बोलायला उशीर करू नका. मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षकांसोबत पायऱ्या कागदावर लिहून घ्या. परिपाठात सगळ्यांसमोर स्वागत, 'इतके दिवस कुठे होतास?' हा प्रश्न आणि अपुऱ्या वह्या आठवड्यात पूर्ण करण्याचा तगादा, हे तिन्ही टाळायला स्पष्ट सांगा. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 17 नुसार मुलाला शारीरिक शिक्षा देणं आणि त्याचा मानसिक छळ करणं निषिद्ध आहे, हे पालकांना ठाऊक असावं.

भीतीचं मूळ शाळेतच असेल, तर पायऱ्या कितीही नीट आखा, उपयोग होणार नाही. कोणी त्रास देतंय का, वाचन-लेखन जमत नाही का, व्हॅनमध्ये काही घडतंय का, स्वच्छतागृह इतकं घाण आहे का की मूल दिवसभर पाणीच पीत नाही? आधी हे शोधा आणि मिटवा.

काही आठवड्यांत फरक पडत नसेल, झोप-जेवण बिघडलं असेल, तर बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. मूल जीव नकोसा झाल्याचं बोललं, तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. 2022 मध्ये सुरू झालेली सरकारी टेली-मानस सेवा 14416 वर दिवसरात्र मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

गणपती किंवा दिवाळीच्या सुट्टीनंतर गाडी थोडी मागे जाते, त्याने खचू नका. शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशी फाटकापर्यंत एक चक्कर मारा आणि पहिला दिवस अर्धाच ठेवण्याचं बाईंशी आधीच ठरवून ठेवा.