गोव्यातील घर आणि भूकंप: धोका ओळखून तयारी कशी करावी

भारतीय मानक ब्युरोच्या आय. एस. 1893 या संहितेच्या 2002 आणि 2016 च्या आवृत्त्यांमध्ये गोव्याचा समावेश भूकंपप्रवण क्षेत्र तीनमध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात केलेला आहे. मध्यम हा शब्द ऐकून बहुतेकजण निर्धास्त होतात, आणि काळजी वाटते ती नेमकी याच निर्धास्तपणाची. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली, तेव्हा तो भाग नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात होता. गोव्याच्या उत्तरेस सुमारे 200 किलोमीटरवर असलेल्या कोयनेत 11 डिसेंबर 1967 रोजी 6.3 तीव्रतेचा भूकंप झाला, त्याचा हादरा गोव्यातही जाणवला आणि त्या परिसरात आजही लहान धक्के बसत असतात. 26 जानेवारी 2001 च्या भूजच्या भूकंपात केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. या तिन्ही घटनांमधून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते, ती म्हणजे माणसे दगावतात ती बहुतांशी जमिनीच्या हलण्याने नव्हे, तर अंगावर कोसळणाऱ्या बांधकामामुळे. भूकंप आपल्या हाती नाही. घर मात्र बऱ्याच अंशी आपल्या हाती आहे.

ज्वालामुखीविषयी मात्र गोव्यातील वाचकांनी चिंता करण्याचे कारण नाही. सह्याद्रीचा काळा कातळ सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे आणि ती प्रक्रिया केव्हाच थांबली. राजापूर किंवा उन्हवरे येथील गरम पाण्याचे झरे भूगर्भात खोलवर झिरपून तापलेल्या पाण्याचे आहेत, ते ज्वालामुखी जागा होत असल्याचे लक्षण नाही. भारताच्या हद्दीतील एकमेव जागृत ज्वालामुखी अंदमान समुद्रातील बॅरन बेटावर आहे. तेव्हा आपली सगळी शक्ती भूकंपाच्या तयारीवरच खर्च करणे योग्य.

आधी घर तपासावे

गोव्यातील जुनी घरे चिऱ्यांची आहेत. चिरा तासलेला असल्यामुळे थर सरळ बसतात, ही या घरांची जमेची बाजू आहे. परंतु अनेक घरांत हे चिरे केवळ मातीच्या सांध्यात रचलेले असतात आणि वरून केलेल्या गिलाव्यामुळे ते दिसून येत नाही. शिवाय लाकडी वासे भिंतीवर नुसते टेकवलेले असतात. हादरा बसला की चारही भिंती स्वतंत्रपणे डोलू लागतात, कोपरे उकलतात आणि वाशांचा आधार सुटून कौले खाली येतात. यावर उपाय म्हणजे घर एकसंध बांधून घेणे. नवीन बांधकामात जोत्याच्या, लिंटेलच्या (दारे-खिडक्यांच्या माथ्यावरील तुळईच्या) आणि छताच्या पातळीवर सळया घातलेला काँक्रीटचा सलग पट्टा सर्व भिंतींवरून, मध्ये कोठेही न तुटता, फिरवून घ्यावा. आढ्याखालची त्रिकोणी भिंत सर्वांत आधी कोसळण्याचा संभव असल्यामुळे तिच्या माथ्यावरही तिरका पट्टा असावा. जुन्या घरात भिंतीच्या दोन्ही बाजूंनी तारेची जाळी ठोकून, ती आरपार जोडून, तिच्यावर सिमेंटचा गिलावा करून असाच पट्टा निर्माण करता येतो, आणि वासे लोखंडी पट्ट्यांनी भिंतीला जखडता येतात. हे काम कौले परतण्याच्या वेळी, म्हणजे पावसाळ्यापूर्वी, काढल्यास मजूर आणि परांची यांचा खर्च एकदाच होतो.

ज्या भिंतीत दर पावसाळ्यात ओल मुरते ती भूकंपाच्या दृष्टीनेही दुबळी समजावी, कारण भिजलेल्या मातीच्या सांध्यात जोर उरत नाही. त्यामुळे पागोळ्यांचे पाणी भिंतीच्या पायापासून दूर नेणे हे साधे काम भूकंपाच्या तयारीचाच भाग ठरते.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी सर्वप्रथम तळमजला पाहावा. वरच्या मजल्यांवर भिंतीच भिंती आणि खाली गाड्या लावण्यासाठी नुसते खांब, अशी रचना पणजी, मडगाव, म्हापसा, वास्को अशा सर्वच शहरांत सर्रास दिसते. अशा इमारतीचा वरचा भाग ताठ राहतो आणि सगळी हालचाल खालच्या खांबांना सोसावी लागते. अहमदाबादेत कोसळलेल्या अनेक इमारती याच धर्तीच्या होत्या. खांब जाड असणे, त्यांतील उभ्या सळयांना वेढणाऱ्या रिंगा जवळजवळ असणे आणि रिंगांची टोके 135 अंशांत आत वळवलेली असणे, यांवर अशा इमारतीचे तगणे अवलंबून असते. आय. एस. 13920 या संहितेत याचे नियम दिलेले आहेत. काँक्रीट ओतल्यानंतर रिंगा दिसत नाहीत, म्हणून घर बांधून घेणाऱ्याने सळया बांधल्यावर आणि काँक्रीट पडण्यापूर्वी संरचना अभियंत्याला प्रत्यक्ष जागेवर आणावे आणि त्या वेळची छायाचित्रे जपून ठेवावीत. बांधकामातील हयगय भूकंपाचीही वाट पाहत नाही. काणकोण येथे 4 जानेवारी 2014 रोजी बांधकाम चालू असलेली इमारत कोणताही धक्का बसला नसताना कोसळली आणि अनेक मजुरांचा बळी गेला.

समुद्राची खारी हवा हा गोव्याचा स्वतःचा प्रश्न आहे. स्लॅबचे पोपडे निघून गंजलेली सळई उघडी पडली असेल, तर त्यावर गिलावा थापून रंग देणे ही दुरुस्ती नव्हे. गंज खरवडून काढणे, झिजलेल्या सळईला जोड देणे आणि योग्य मिश्रणाने तो भाग भरून घेणे आवश्यक असते. सोसायटीच्या वार्षिक सभेत रंगकामाआधी खांबांच्या तपासणीचा ठराव मांडला जावा, असे मनापासून वाटते. नवीन कामात खाडीच्या मुखाजवळची न धुतलेली वाळू वापरू देऊ नये, कारण तिच्यातील मीठ आतूनच सळई खाते.

जमिनीचाही विचार हवा. चिऱ्याच्या सड्यावरील, म्हणजे कातळाच्या पठारावरील, घर आणि भराव घातलेल्या खाजनावरील, म्हणजे भरतीच्या पाण्याच्या सखल खाऱ्या जमिनीवरील, घर यांना एकच धक्का सारखा जाणवत नाही. मऊ गाळ हादऱ्याची तीव्रता वाढवतो, आणि पाण्याने भरलेली सैल वाळू जोरदार हादऱ्यात काही क्षण द्रवासारखी वागते, ज्यामुळे इमारत खचते किंवा कलते. मांडवी, झुवारी, शापोरा, साळ या नद्यांच्या काठी भरावाच्या जागेत फ्लॅट घेताना मातीच्या चाचणीचा अहवाल आणि पायाचा आराखडा मागण्याचा ग्राहकाला अधिकार आहे आणि तो त्याने संकोच न करता वापरावा.

वडिलोपार्जित घरांत एक वेगळीच अडचण येते. घर अनेक भावंडांच्या नावे असते, काहीजण मुंबईत तर काही परदेशात असतात, आणि सर्वांच्या संमतीवाचून मोठे काम काढता येत नाही. अशा घरांत चवथीला सर्व कुटुंब एकत्र जमते तीच या विषयाची योग्य वेळ होय. किल्लारीचा भूकंप अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरच्या पहाटे झाला होता, एवढे स्मरण दिले तरी घरातील वडीलधारी माणसे हा विषय टाळणार नाहीत. घराचा विमा काढताना त्यात भूकंपाचा समावेश असल्याची खात्री करावी. 2021 पासून उपलब्ध असलेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित विम्यात तो आहे. एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या नोंदीचा दाखला), घरपट्टीच्या पावत्या, विक्रीखत आणि विम्याची कागदपत्रे यांच्या प्रती दुसऱ्या गावी राहणाऱ्या नातेवाइकाकडेही असाव्यात.

घरातील वस्तू

कोयना आणि किल्लारी येथील दोन्ही भूकंप पहाटे, माणसे झोपेत असताना झाले. म्हणून तयारीची सुरुवात झोपण्याच्या खोलीपासून करावी. पलंगाच्या उशाशी उंच कपाट, जड तसबीर किंवा माळ्यावरची तांब्यापितळेची भांडी येणार नाहीत अशी मांडणी करावी. शिसवीचे जुने कपाट जागेवरच ठेवायचे असेल, तर लोखंडी कोनांनी ते भिंतीला जखडावे. उशाजवळ बॅटरी आणि पलंगाखाली चपला ठेवाव्यात. अंधारात फुटलेल्या काचांवरून चालण्याची पाळी येऊ शकते. गॅसचा सिलिंडर साखळीने बांधावा आणि रेग्युलेटर बंद करणे घरातील प्रत्येकाला यायला हवे.

चोरीच्या भीतीने खिडक्यांना आणि बलकावाला (दारापुढच्या बैठकीच्या ओसरीला) लोखंडी जाळ्या बसवून त्यांना रात्री कुलुपे लावण्याची पद्धत आता सर्वत्र रूढ झाली आहे. ती मोडण्याची गरज नाही, परंतु निदान एक जाळी आतून उघडणारी असावी आणि तिची किल्ली तिच्याजवळच, ठरलेल्या खिळ्याला असावी. चवथीच्या दिवसांत माटोळीकडेही लक्ष द्यावे. नारळ, सुपाऱ्या, फळे यांनी लगडलेली ती चौकट बरीच जड होते आणि तिच्याखाली माणसे बसलेली असतात. ती सुतळीवर न ठेवता मजबूत दोराने तुळईला बांधावी, आणि पेटत्या समया तिच्या अगदी खाली नसाव्यात.

जमीन हलत असताना

हादरा सुरू होताच जेथे असाल तेथेच गुडघ्यांवर वाकावे, मजबूत टेबलाखाली शिरावे, डोके आणि मान हातांनी झाकावी आणि टेबलाचा पाय घट्ट धरून ठेवावा. टेबल नसल्यास आतल्या भिंतीलगत, खिडक्या आणि कपाटे यांपासून दूर वाकून बसावे. पलंगावर असाल तर तेथेच पालथे होऊन डोक्यावर उशी धरावी. लिफ्ट वापरू नये आणि जिन्यावर धावू नये. कौलारू घरात दाराबाहेर धाव घेण्याची ओढ सर्वांत बलवान असते, परंतु वळचणीची कौले नेमकी तेथेच कोसळतात. मातीच्या सांध्याचे दुबळे घर असेल आणि माणूस उघड्या अंगणाच्या दारातच असेल, तरच एका झेपेत वळचण ओलांडून मोकळ्यावर जावे. अंगणात उभे राहताना माडाखाली, विजेच्या तारांखाली किंवा कुंपणाच्या उंच गडग्याजवळ थांबू नये. गाडी चालवत असल्यास पुलावर किंवा घाटातील दरडीखाली न थांबता मोकळ्या जागी, रस्त्याच्या कडेला थांबावे.

हादरा थांबल्यावर

पहिल्या धक्क्यानंतर लहान धक्के काही दिवस येत राहतात आणि भेगाळलेली भिंत त्यांपैकी एखाद्याने पडू शकते. गॅसचा वास आल्यास काडी ओढू नये आणि विजेचे बटणही दाबू नये. मदतीसाठी 112, रुग्णवाहिकेसाठी 108 आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी 1077 हे क्रमांक आहेत. भिंतीच्या कोपऱ्यात तिरकी रुंद भेग पडली असेल, दारे चौकटीत अडकू लागली असतील किंवा खांबाचे काँक्रीट फुटून सळई वाकली असेल, तर अभियंत्याने पाहिल्याशिवाय त्या घरात झोपू नये. विहिरीचे पाणी गढूळ झाले असल्यास उकळल्याखेरीज पिऊ नये. भूकंप अमुक वेळी पुन्हा येणार असे सांगणारा कोणताही संदेश खोटा समजावा, कारण दिवस आणि वेळ वर्तवण्याची पद्धत आजही कोणाकडे नाही. झालेल्या भूकंपाची खात्रीची माहिती राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राच्या ‘भूकंप’ (BhooKamp) या ॲपवर मिळते.

किनाऱ्यावरील लोकांसाठी आणखी एक धोका आहे. 28 नोव्हेंबर 1945 रोजी मकरान किनाऱ्याजवळ झालेल्या मोठ्या भूकंपाने उठलेल्या त्सुनामीच्या लाटा मुंबईपर्यंत पोहोचल्या होत्या. इतक्या दूरवरून येणाऱ्या लाटेला गोव्यापर्यंत यायला काही तास लागतात आणि हैदराबाद येथील भारतीय त्सुनामी पूर्वसूचना केंद्राचा इशारा तोवर मिळू शकतो. मात्र समुद्र अचानक ओसरून तळ उघडा पडल्यास इशाऱ्याची वाट पाहू नये. रापणीची जाळी आणि होड्या आवरत बसण्याऐवजी जवळच्या सड्यावर चढावे. नदीमुखातून लाट आत शिरू शकते, म्हणून नदीकाठाचाही आसरा घेऊ नये. पहिली लाट सर्वांत मोठी असतेच असे नाही. अधिकृत सूचना येईपर्यंत वरच थांबावे.

शेवटी कुटुंबाच्या ताटातुटीचा विचार. 1986 मध्ये मांडवीवरील जुना पूल कोसळला तेव्हा पणजी आणि पर्वरी यांमधील रोजची ये-जा फेरीबोटींवर आली होती. मोठ्या हादऱ्यानंतर पूल तपासणीसाठी बंद ठेवावेच लागतील, आणि आज हजारो कुटुंबांत कोणी नदीच्या अलीकडे नोकरीला तर कोणी पलीकडे शाळेत असते. त्यामुळे मांडवी आणि झुवारी यांच्या दोन्ही तीरांवर प्रत्येकी एक घर, नातेवाइकाचे किंवा विश्वासू स्नेह्याचे, आधीच ठरवून ठेवावे आणि मुलांनी, पूल बंद असल्यास, तेथेच थांबायचे हे शाळेलाही लेखी कळवावे. फोनचे जाळे कोलमडले तरी लघुसंदेश अनेकदा जातो, म्हणून राज्याबाहेरील एका नातेवाइकाचा क्रमांक सर्वांनी पाठ करावा आणि आपण सुखरूप असल्याचे प्रत्येकाने त्यालाच कळवावे. घरातील लहानात लहान शाळकरी मुलाला तो क्रमांक आणि त्या दोन घरांचे पत्ते न अडखळता सांगता येतात की नाही, हे अधूनमधून विचारून पाहावे.