मोल्सवर्थ म्हणजे काय? इंग्रजी आडनावाचं मूळ असं शोधा

जुना मराठी शब्द अडला की आपण म्हणतो, "मोल्सवर्थमध्ये बघ." हे एका माणसाचं आडनाव आहे, हे म्हणताना लक्षातही येत नाही. जेम्स थॉमस मोल्सवर्थ (१७९५–१८७१) हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेतला अधिकारी. त्याचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि १८५७च्या दुसऱ्या आवृत्तीत शब्दांची संख्या साठ हजारांच्या घरात गेली. आपल्या एवढ्या शब्दांचे अर्थ लावणाऱ्या या साहेबाच्या स्वतःच्या आडनावाचा अर्थ काय?

हे आडनाव इंग्लंडमध्येही विरळच, आणि शोधाला विरळ आडनावच बरं. स्मिथ घेतलंत तर गावोगावच्या लोहारांत हरवून जाल. विरळ आडनाव पुष्कळदा एखाद्याच जागी नेऊन सोडतं. हीच रीत वापरून तुम्हाला दुसरं कुठलंही आडनाव उलगडता येईल.

पायरी १ : आजचा शब्दकोश मिटून ठेवा

सगळ्यांचा पाय इथेच घसरतो. आजच्या इंग्रजीत 'मोल' म्हणजे अंगावरचा तीळ किंवा जमिनीखाली बोगदे करणारा एक छोटा प्राणी, आणि 'वर्थ' म्हणजे किंमत. मराठी माणसाला तर आणखी मोठा मोह होतो : मोल म्हणजे किंमत, वर्थ म्हणजेही किंमत, तेव्हा हा गृहस्थ दुप्पट मौल्यवान! गप्पांत सांगायला छान आहे, पण साफ चूक आहे. आडनावं घडली तेव्हाची इंग्रजी वेगळी होती. आजच्या शब्दांशी त्यांचं साम्य दिसलं तर आधी संशयच घ्यावा.

पायरी २ : आडनावाची जात ओळखा

इंग्रजी आडनावांचे ढोबळ चार गट पडतात. बापाच्या नावावरून आलेली (जॉन्सन), धंद्यावरून आलेली (टेलर, स्मिथ), टोपणनावावरून चिकटलेली (आर्मस्ट्राँग) आणि गावावरून पडलेली. हा शेवटचा गट आपल्या चिपळूणकर-सातारकरांचा सख्खा भाऊ. फरक इतकाच, की आपण गावाला 'कर' जोडतो, तर इंग्रज पूर्वी गावाच्या नावाआधी 'चा' या अर्थाचा 'दे' लावत. पुढे तो गळाला आणि नुसतं गाव उरलं.

गावाचं आडनाव ओळखायचं ते शेपटावरून. 'टन' म्हणजे वाडी किंवा वस्ती, 'ली' म्हणजे झाडी किंवा झाडी तोडून केलेली मोकळी जागा. 'बी' हे डॅनिश लोकांनी आणलेलं शेपूट, म्हणून ते इंग्लंडच्या उत्तरेला आणि पूर्वेला जास्त भेटतं : डर्बी, व्हिटबी. आणि 'वर्थ' म्हणजे कुंपण घातलेली जागा. टॅमवर्थ आणि वँड्सवर्थमध्ये आहे तो हाच. किंमत या अर्थाचा 'वर्थ' हा निराळा शब्द. मोल्सवर्थच्या मधला 'स' हा षष्ठीचा प्रत्यय. म्हणजे 'कुणाचं तरी कुंपण' एवढं हाताशी आलं. कुणाचं, ते अजून उरलं.

पायरी ३ : गाव शोधा, मग त्याचं सर्वांत जुनं स्पेलिंग

नकाशात मोल्सवर्थ नावाचं छोटं खेडं सापडतं. ते मूळचं हंटिंग्डनशर काउंटीतलं (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग), १९७४पासून केंब्रिजशरमध्ये. (१९८०च्या दशकात तिथल्या विमानतळावर अमेरिकी क्रूझ क्षेपणास्त्रं ठेवायचं ठरलं आणि शांततावाद्यांनी शेजारी तळ ठोकला. तेवढ्यापुरतं हे खेडं बातम्यांत होतं.)

आता खरं काम. १०८६ साली विल्यम राजानं इंग्लंडभरच्या जमिनींची मोजदाद करवली, ती डूम्सडे बुक. ओपन डूम्सडे नावाच्या संकेतस्थळावर ती फुकट पाहता येते. त्यात या खेड्याचं नाव साधारण 'मोलेस्वोर्दे' असं वाचता येईल असं लिहिलं आहे. त्याचा अर्थ अभ्यासक लावतात तो असा : मूल नावाच्या माणसाचं कुंपण. नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या स्थलनामांच्या कोशात गावाचं नाव टाकलं की अशी फोड मिळते.

हे मूल म्हणजे आपलं लेकरू नव्हे, दुसरा मोह इथे टाळावा. जुन्या इंग्रजीत 'मूल' म्हणजे खेचर, आणि ते माणसाचं नावही होतं. दक्षिण इंग्लंडमधल्या वेसेक्स या जुन्या राज्याचा राजा कॅडवाला याच्या भावाचं नाव मूलच होतं. त्याला ६८७ साली केंटमध्ये जाळून मारल्याची नोंद अँग्लो-सॅक्सन बखरीत आहे. मात्र कुंपण त्याचंच, असं लगेच ठरवून टाकू नका. एका नावाची माणसं तेव्हाही अनेक असत.

जुळ्या दिसणाऱ्या गावांपासूनही सावध राहा. चेशरमध्ये मोल्ड्सवर्थ नावाचं गाव आहे. दोन्ही नावं सारखीच वाटतात, पण चेशरच्या गावाच्या नावातला पहिला शब्द टेकडीचा आहे, माणसाचा नाही. कुठल्या गावाला धरायचं हे घराण्याचे जुने कागद कुठल्या काउंटीतले आहेत त्यावरून ठरतं, कानाला काय गोड लागतं त्यावरून नाही.

पायरी ४ : गाव आधी की माणूस आधी?

मोल्सवर्थ हे नाव जगाच्या नकाशावर इतरत्रही दिसेल. डब्लिनमध्ये मोल्सवर्थ स्ट्रीट आहे, न्यूझीलंडची संसद वेलिंग्टनच्या मोल्सवर्थ स्ट्रीटवर आहे, आणि त्या देशातलं सर्वांत मोठं पशुपालन केंद्रही मोल्सवर्थच. नवशिका इथे चकतो आणि आडनावाचं मूळ आयर्लंडमध्ये नेऊन ठेवतो. या जागा आडनावाच्या लेकी, आया नव्हेत. घराण्याची एक शाखा आयर्लंडात मोठी झाली आणि १७१६ साली तिला व्हायकाउंट हा सरदारकीचा किताब मिळाला. दुसरी कॉर्नवॉलमध्ये पेनकॅरो इथे रुजली. तिचा बॅरोनेट हा वंशपरंपरेचा किताब १६८९चा. कसोटी सोपी आहे : जिथली नोंद सर्वांत जुनी, ते मूळ.

पायरी ५ : आडनाव किती पसरलं ते मोजा

इंग्लंडमधल्या चर्चच्या बाप्तिस्मा-लग्न-दफन नोंदवह्या १५३८पासूनच्या. इंग्लंड आणि वेल्समध्ये सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी १ जुलै १८३७ला सुरू झाली. तिची सूची फ्रीबीएमडी या संकेतस्थळावर फुकट चाळता येते. जनगणना १८०१पासून दर दहा वर्षांनी झाली, पण देशभर नावानिशी म्हणाल तर १८४१पासून. १८८१ची जनगणना सगळ्यात सोयीची, कारण ती पूर्ण उतरवून ठेवलेली आहे आणि फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर मोफत आहे. त्यात आडनाव टाका आणि काउंटीनुसार माणसं मोजा. १९३१च्या नोंदी १९४२ साली आगीत गेल्या, १९४१ला युद्धामुळे जनगणनाच झाली नाही. तेव्हा तिथे हात मारत बसू नका.

नुसत्या आकड्याला भुलू नये. लंडनमध्ये सगळीच आडनावं जास्त भरतात, म्हणून दर लाख वस्तीमागे किती, हे पाहावं. स्पेलिंगं चार-पाच प्रकारांनी शोधावीत, कारण कारकुनानं ऐकलं तसं लिहिलेलं असतं. छापील आधार हवा असेल तर २०१६ साली निघालेला ऑक्सफर्डचा ब्रिटन-आयर्लंडच्या आडनावांचा चार खंडी कोश मोठ्या ग्रंथालयात मिळू शकेल.

आणि 'तुमच्या आडनावाचं कुलचिन्ह' विकणाऱ्या दुकानांना एक पैसा देऊ नका. इंग्लंडमध्ये कुलचिन्ह एका व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना मिळतं, आडनावाला नाही.

साहेब मुंबई इलाख्यातला असेल तर

कोकणातल्या एखाद्या थडग्यावर किंवा महाबळेश्वरच्या एखाद्या पॉइंटच्या पाटीवर विचित्र इंग्रजी आडनाव दिसलं, तर थेट इंग्लंडपासून सुरुवात नको. कंपनीच्या आणि नंतरच्या अमलातल्या गोऱ्यांच्या बाप्तिस्मा, लग्न, दफनाच्या नोंदी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या (लंडनहून हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या खात्याच्या) दप्तरात आहेत. त्यातली 'एन ३' ही मालिका मुंबईची. ब्रिटिश इंडियातल्या कुटुंबांवर काम करणारी फिबिस ही संस्था अशा नोंदींच्या सूची मोफत खुल्या करते. आधी तिथे माणूस पकडा, त्याच्या बापाचं नाव आणि गाव मिळालं तर टिपून घ्या, आणि मग पायरी ३ला परत या.