गूळ, गारठा आणि घाई: नाताळ ते संक्रांत स्वयंपाकघरातल्या या चुका टाळा

तीन वर्षांपूर्वी नाताळच्या सुट्टीत मुलं घरात होती म्हणून तिळाचे लाडू जरा आधीच करायला घेतले. पाक झाला, तीळ पडले, आणि नेमका फोन वाजला. दोन मिनिटं बोलून परत आले तर उलथनं कढईत आपलं आपण उभं! नवऱ्याने कढई उलटी धरून दाखवली, एक तीळ खाली पडला नाही. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "आता यावर तारीख कोरून घ्या."

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात बसली आहे. या तीन आठवड्यांत आपल्याकडे जे बिघडतं, त्यात कृतीचा दोष फार थोडा असतो. कुठे आच जास्त होते, कुठे ऊब कमी पडते, कुठे निवायला वेळ दिलेला नसतो. मे महिन्यात ज्या ओट्यावर ताट अर्धा तास कोमट राहतं, त्याच ओट्यावर जानेवारीत ते पाच मिनिटांत गार पडतं. वहीतली मापं आजीच्या काळापासून तीच आहेत, पण गारठ्याचं माप वहीत कुणी लिहीत नाही.

"गूळ द्या" एवढंच सांगणं

पहिली चूक दुकानातच होते. चिक्कीचा गूळ वेगळा, साधा गूळ वेगळा. चिक्कीच्या गुळाचा पाक चिवट येतो आणि गार झाला की कडक, कुरकुरीत होतो. साध्या गुळाची वडी मऊ पडते. कडक लाडू हवे असतील तर चिक्कीचा, मऊ वडीला आणि गूळपोळीला साधा. एका वर्षी आमच्याकडे उलटापालट झाली आणि गूळपोळ्या अशा झाल्या की पाहुणे चावता चावता गप्पच झाले.

गूळ पिवळाधमक, लखलखीत दिसला की घ्यावासा वाटतो. तो रंग बऱ्याचदा हायड्रॉस नावाचं रसायन टाकून उजळलेला असतो. मी तांबूस, जरा काळपट अंगाचा घेते आणि आधी खडा तोंडात टाकून बघते. खारट लागला तर परत. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तरी ढेपेवर नाव कोल्हापूरचं आणि आत भलताच माल असंही होतं. जीभ हीच खरी तपासणी.

लाडू दगड का होतात, आणि झाले तर काय

माझं माप अर्धा किलो तिळाला अर्धा किलो चिक्कीचा गूळ, वाटीभर दाण्याचं जाडसर कूट आणि दोन चमचे तूप. तीळ मंद आचेवर, थोडे थोडे भाजायचे. तडतडायला लागले आणि बोटांत चुरडून खमंग वास आला की लगेच ताटात काढायचे. तापल्या कढईत तसेच ठेवले तर गॅस बंद असला तरी ते भाजत राहतात आणि कडवट होतात.

पाकासाठी शेजारी वाटीत गार पाणी ठेवा. थेंब टाकला आणि तो पसरला तर कच्चा. बोटांनी गोळा करता आला, मऊ गोळी झाली, की लाडवांचा पाक झाला. तीच गोळी ताटलीवर टाकल्यावर टण्ण वाजली तर तो चिक्कीचा पाक. त्याचे लाडू वळायला घेतलेत तर तुमचा माझ्यासारखा फजितवाडा होणार. या दोन अवस्थांमध्ये जेमतेम दोन-तीन मिनिटं असतात. फोन उचलू नका.

दुसरी चूक म्हणजे एकट्याने वळायला बसणं. या कामाला किमान चार हात लागतात, सहा असले तर उत्तम. सुट्टीत मुलं घरात असतात ती त्यासाठीच, असं माझं मत आहे. मात्र पाक हातावर पडला तर चिकटून बसतो आणि खोल भाजतो, म्हणून मुलांना कढईजवळ बसवू नका. मी थोडं थोडं मिश्रण तूप लावलेल्या ताटलीत काढून त्यांच्यापुढे सरकवते. उरलेली कढई गरम पाण्याच्या पातेल्यावर ठेवते, म्हणजे शेवटच्या लाडवापर्यंत मिश्रण नरम राहतं. ही युक्ती मला त्या उलट्या कढईनंतर सुचली.

मिश्रण आवळलंच तर कढई मंद आचेवर ठेवा, कडेने दोन चमचे पाणी सोडा, झाकण घाला आणि दोन मिनिटांनी हलवा. कुरकुरीतपणा थोडा जाईल, पण लाडू वळले जातील. उलट, लाडू वळूनही बसत असतील तर पाक कच्चा राहिला आहे. मिश्रण परत कढईत घालून, सतत हलवत थोडं आटवा. आणि जे आधीच दगड झाले आहेत ते फडक्यात गुंडाळून बत्त्याने फोडा. आमच्याकडे मुलं तो चुरा थंडीतसुद्धा आइस्क्रीमवर घालून खातात.

डिंक, अळीव

डिंकाच्या लाडवात दाताला काही चिकटलं तर डिंक आतून कच्चा आहे. तो आधी फोडून हरभऱ्याएवढा करून घ्या, तासभर उन्हात ठेवा, आणि तुपात एका वेळी चमचाभरच टाका. आच मोठी असेल तर बाहेरून तांबूस होतो आणि आत खडा तसाच राहतो. फुललेला डिंक वाटीच्या बुडाने दाबला की लाहीसारखा चुरला पाहिजे.

अळिवाचे लाडू डिंकाच्या लाडवांशेजारी डब्यात भरून ठेवणं ही नव्या संसारातली नेहमीची चूक. त्यात ओला नारळ असतो. ते फ्रिजमध्ये ठेवायचे आणि चार-पाच दिवसांत संपवायचे.

दही लागत नाही, तेल गोठतं, चहा फाटतो

निफाडला पारा पाच-सहा अंशांवर आल्याची बातमी येते त्या आठवड्यात पुण्यात आमचं दही हमखास रुसतं. उन्हाळ्यात अर्ध्या लिटरला अर्धा चमचा विरजण पुरतं, आता दीड चमचा लागतं. लागलं नाही म्हणून दुसऱ्या दिवशी कढत दुधातच विरजण घालणं ही मोठी चूक. त्याने विरजणाचा जीवच जातो आणि सकाळी पाणी आणि गुठळ्या हाती येतात. दूध इतकंच कोमट हवं की करंगळी बुडवून सावकाश दहापर्यंत मोजता येईल. मग भांडं जुन्या शालीत गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवा, किंवा बंद मायक्रोवेव्हमध्ये गरम पाण्याच्या पेल्याशेजारी. दर तासाला झाकण उघडून "लागलं का" बघणारी मंडळी प्रत्येक घरात असतात, त्यांना आवरा. इडलीच्या पिठालाही हाच न्याय. उन्हाळ्यात आठ तासांत वर येणारं पीठ आता चौदा-सोळा तास घेतं. रविवारी सकाळी इडली हवी तर शनिवारी दुपारीच वाटून ठेवा.

खोबरेल तेल साधारण २४ अंशांखाली गोठतं, म्हणजे ते गोठलं यात भेसळ वगैरे काही नाही. प्लॅस्टिकची बाटली गॅसजवळ धरू नका. आदल्या रात्री छोट्या काचेच्या बाटलीत काढून ठेवा आणि सकाळी आंघोळीच्या गरम पाण्यात दोन मिनिटं उभी करा.

गुळाचा चहा. पाट्या दिसतात चौकाचौकांत, पण घरी केला की फाटतो. गूळ किंचित आम्लधर्मी असतो, त्याच्याबरोबर दूध उकळलं की फुटतं. पाण्यात आलं, गवती चहा, गूळ आणि चहापूड चांगली उकळून घ्या, गॅस बंद करा, मग वेगळं तापवलेलं दूध वरून ओता. पुन्हा उकळी आणायची नाही. "जरासा कडक कर" म्हणून कुणी परत गॅसवर ठेवायला सांगितलं तर त्याच्या हाती गाळणं द्या आणि लांब उभ्या राहा. आलंसुद्धा नेहमी पाण्यात आधी उकळायचं, उकळत्या दुधात किसलं की त्यानेही दूध नासतं.

बाजरी

भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी आणि गाजर, वांगी, पावटा, ओला हरभरा घातलेली मिसळीची भाजी. यात भाजी फारशी कुणाची बिघडत नाही. भाकरी बिघडते, आणि तीही पिठामुळे. बाजरीत स्निग्धांश बराच असतो, म्हणून दळलेलं पीठ लवकर कडवट होतं. पाच किलो एकदम दळून आणू नका, आठवडाभर पुरेल एवढंच आणा. कडेला भेगा पडत असतील तर पाणी गरम घ्या, एका वेळी एकाच भाकरीचं पीठ भिजवा आणि तळहाताने रगडून रगडून मळा. पीठ गार ओट्यावर पडून राहिलं की पुन्हा तुटायला लागतं.

शेगडी खोलीत नको

इथे गंमत बाजूला ठेवते. कोळशाची शेगडी किंवा घमेल्यातले निखारे बंद खोलीत घेऊन झोपू नका, दहा मिनिटांसाठीसुद्धा खिडक्या लावून घेऊ नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला ना रंग ना वास. डोकं जड होतं, मळमळतं, गुंगी येते आणि माणसाला वाटतं झोप येतेय. न्हाणीघरातल्या गॅस गीझरचंही तेच. हवा येत नाही अशा ठिकाणी तो बसवू नका, आणि थंडी वाजते म्हणून झडप बंद करून आंघोळ करू नका. शेकायचंच असेल तर अंगणात, गच्चीत, चार माणसं गोळा करून. मजा तिथेच जास्त येते.

गूळपोळी

हिला शेवटी घेतलं, कारण हिच्यात वरच्या सगळ्या चुका एकत्र भेटतात.

सारणासाठी अर्धा किलो साधा गूळ बारीक किसायचा. चिरायचा नाही. एक खडा राहिला तरी पोळी तिथेच फाटते. त्यात तेलावर खमंग भाजलेलं अर्धी वाटी डाळीचं पीठ, अर्धी वाटी तिळाचं कूट, पाव वाटी भाजून कुटलेली खसखस, वेलची, जायफळ. डाळीचं पीठ कमी पडलं की गूळ तव्यावर पाण्यासारखा होतो आणि बाहेर धावतो, कारण त्याला धरून ठेवणारं तेच असतं. पारीसाठी दोन वाट्या कणकेला एक वाटी मैदा, दोन चमचे डाळीचं पीठ, चिमूटभर मीठ आणि पाव वाटी कडकडीत तेलाचं मोहन. मोहन कोमट घालणाऱ्यांच्या पोळ्या दुसऱ्या दिवशी वातड होतात. पीठ घट्ट भिजवून तास-दोन तास झाकून ठेवायचं.

आता खरी मेख. पारीचं पीठ आणि गुळाचं सारण सारख्याच मऊपणाचं पाहिजे. एका हातात पिठाची गोळी, दुसऱ्यात गुळाची, दोन्ही एकदम दाबून बघा. गूळ घट्ट असेल तर लाटताना पीठ पुढे पळतं, गूळ मधेच बसतो आणि कडेला नुसता कोरडा काठ उरतो. गूळ सैल असेल तर पारी फोडून बाहेर येतो. सकाळी मळलेलं सारण थंडीत दुपारपर्यंत आवळतं. अशा वेळी त्यात दूध घालून मऊ करण्याचा मोह होतो. करू नका, पोळी टिकणार नाही. सारणाचं पातेलं गरम पाण्यावर पाच मिनिटं ठेवा आणि तेलाच्या हाताने पुन्हा मळा.

दोन छोट्या पाऱ्या, मध्ये त्यांच्याहून किंचित लहान गुळाची चपटी, कडा दाबून बंद. तांदळाच्या पिठीवर मधून कडेकडे, हलक्या हाताने लाटा. सासूबाई लाटतात तेव्हा त्यांच्या बांगड्यांचा आवाज येत नाही. माझ्या वाजतात, आणि माझी तिसरी पोळी फुटतेच. काठ कोरडा राहिला तर कातण्याने गोल कापून टाका. ती कापणं तव्यावर भाजून चहाबरोबर संपतात.

तवा मध्यम, मग मंद. मोठ्या आचेवर पारी भाजायच्या आत गूळ वितळून उकळतो आणि फुटतो. एखादी फुटली तर घाईने पुढची टाकू नका. सांडलेला गूळ झाऱ्याने खरवडा, तवा ओल्या फडक्याने पुसून घ्या, नाहीतर तो जळका गूळ पुढच्या चार पोळ्यांना धरून ठेवतो. भाजलेली पोळी सुती धोतराच्या फडक्यावर एकेक सुटी पसरा. गरम पोळ्यांची चळत घातली की वाफेने त्या ओल्या होऊन एकमेकींना चिकटतात. पुरत्या गार झाल्यावर डब्यात भरल्या तर आठ-दहा दिवस खुसखुशीत राहतात, म्हणजे डब्याचा पत्ता घरात कुणाला कळला नाही तर.

आणि वाढताना ती मायक्रोवेव्हमध्ये टाकू नका. वरून नुसती कोमट लागते, आत गूळ पेटलेला असतो. गेल्या संक्रांतीला आमच्याकडे एका जाणत्या माणसाने टाळू भाजून घेतला आणि संध्याकाळभर "तिळगूळ घ्या" एवढंसुद्धा धड बोलता येईना. गूळपोळी गारच खायची. गरम करायचं ते तूप. या दिवसांत तेही डब्यात गोठलेलंच असतं, म्हणून वाटीत काढून आधी पातळ करून ठेवा.