वयाने मोठ्या मादी सशाची नसबंदी करावी का?

आमच्या ठमी सशिणीचं हे ऑपरेशन चौथ्या वर्षी झालं, तेव्हापासून नागपुरातले प्रतापनगर, लक्ष्मीनगरकडचे ओळखीचे विचारत असतात, "काकू, घरात नरच नाही, मग उगाच कापाकापी कशाला?" पिल्लांचा प्रश्न नसला तरी गर्भाशयाचा असतोच ना बाप्पा! मादी सशांत वयाबरोबर गर्भाशयाचा कॅन्सर वाढत जातो. काही जातींत चार वर्षांपुढच्या निम्म्याहून जास्त माद्यांत तो सापडलाय. गाठ हळू वाढते, ससा दुखणं लपवतो. ती फुप्फुसात पोचायच्या आत गर्भाशय निघालं तर बहुतेकदा जीव वाचतो.

ससा पाळला तर आठ-दहा वर्षं सहज जगतो. म्हणून तीन ते पाच वर्षांची, खातीपिती मादी असेल तर माझं मत सरळ आहे: करून टाका. सहा-सातच्या पुढे मात्र आधी रक्ततपासणी, छातीचा एक्स-रे आणि पोटाची सोनोग्राफी. मूत्रपिंड कमजोर निघालं किंवा दातांच्या दुखण्याने ती वाळली असेल, तर थांबून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करत राहणं बरं.

लघवीत लाल दिसलं तर "पाळी आली असेल" म्हणून सोडू नका. सशाला पाळी येत नाही. खाण्यातल्या रंगद्रव्यानेही लघवी केशरी होते, ते डॉक्टर पट्टी बुडवून लगेच सांगतात. रक्तच निघालं तर वाट पाहण्यात अर्थ नाही. ठमीला रक्त कधी गेलं नाही. ती गळ्याखालची लव उपटून, तोंडात वाळलं गवत धरून दिवाणाखाली घरटं करायची. पोटात पिल्लू नाही आणि बाईसाहेबांचं बाळंतपण सुरू! हा खोटा गाभ. एवढ्यावरून आजार म्हणता येत नाही, पण वारंवार होत असेल तर तोही ऑपरेशनच्या बाजूचा मुद्दा धरा.

खरी पारख डॉक्टरची. कुत्र्या-मांजरांत हातखंडा असलेला माणूस सशात नवखा असू शकतो. सेमिनरी हिल्सच्या व्हेटरनरी कॉलेजात चौकशी करा, ससे पाळणाऱ्यांना विचारा. मग डॉक्टरांना थेट विचारा: सशांची ऑपरेशनं नेहमी करता का, भूल गॅसची देता का, घरी वेदनाशामक किती दिवसांचं देणार? एका दवाखान्यात आम्हाला "रात्रीपासून उपाशी ठेवा" सांगितलं, आम्ही तिथूनच परत फिरलो. सशाला उलटी होत नाही आणि त्याचं आतडं थांबलं की जिवावर बेततं, म्हणून त्याला असं उपाशी ठेवत नाहीत. तोंडावाटे अमॉक्सिसिलिन लिहून दिलं तर तेही घेऊ नका, सशाच्या पोटातले उपयोगी जंतू त्याने मरतात.

भुलेत जीव जाण्याचा धोका आहेच. ब्रिटनमध्ये 2008 साली छापलेल्या मोठ्या पाहणीत धडधाकट सशांत तो शंभरात एकाहून कमी होता, आजारी सशांत सातच्या वर. थांबायचं की नाही ठरवताना हा फरक लक्षात ठेवा.

घाई नसेल तर दिवाळीनंतरची तारीख घ्या. आपल्या नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हात, धडधाकट ससाही कूलरपुढे धापा टाकतो, टाके घातलेल्याचे हाल विचारू नका.

घरी आणल्यावर भुशाऐवजी जुना सुती कपडा अंथरा आणि समोर कोथिंबिरीची जुडी ठेवा. त्याच संध्याकाळी तिने थोडं तरी तोंड लावलं पाहिजे. बारा तासांत खाणं नाही, लेंड्या नाहीत, तर सकाळ व्हायची वाट न पाहता डॉक्टरांना फोन लावा.