बायॉप्सीचा रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, म्हणजे शरीरातून तपासणीसाठी काढलेला तुकडा (बायॉप्सी) सूक्ष्मदर्शकाखाली बघून रिपोर्ट देणं हे माझं काम. रिपोर्ट न्यायला आलेले नातेवाईक काचेपलीकडून एकच प्रश्न विचारतात, "डॉक्टर, कॅन्सर नाही ना?" प्रश्न साहजिक आहे. पण निरोगी पेशी आणि कॅन्सर यांच्यामध्ये बरीच लांब वाट असते आणि रिपोर्टमधले निम्मे शब्द त्या वाटेवरच्या मुक्कामांची नावं असतात. 'हो' किंवा 'नाही' एवढंच ऐकायचं ठरवून आलेला माणूस एक तर विनाकारण खचतो किंवा नको तिथे निर्धास्त होतो. दुसऱ्या प्रकारच्या माणसांची मला जास्त काळजी वाटते.

'वाढ' म्हटलं की गाठच डोळ्यांसमोर येते, पहिली चूक तिथेच होते. हायपरट्रॉफी म्हणजे पेशी आकाराने मोठ्या होणं. ब्लडप्रेशर वर्षानुवर्षं चढं राहिलं की हृदयाचा स्नायू असाच जाड होतो. हायपरप्लेशिया म्हणजे पेशींची संख्या वाढणं. साठीनंतर पुरुषांची प्रोस्टेट वाढते ती अशी, आणि त्या वाढीचं पुढे कॅन्सरमध्ये रूपांतर होत नाही. मात्र गर्भाशयाच्या अस्तराच्या रिपोर्टमध्ये हायपरप्लेशियाबरोबर 'अटिपिया' (पेशींचं रूप बिघडलेलं असणं) हा शब्द असेल तर गायनॅकॉलॉजिस्टची भेट पुढे ढकलू नका. तिथे धोका खरा असतो.

मेटाप्लेशियाला तर लोक उगाचच घाबरतात. एका प्रकारच्या पेशींची जागा दुसऱ्या प्रकारच्या पेशींनी घेणं, इतकाच त्याचा अर्थ. बिडी-सिगरेट ओढणाऱ्याच्या श्वासनलिकेत कफ वर ढकलणाऱ्या केसाळ पेशी जातात आणि धूर सोसणाऱ्या चपट्या पेशी येतात. नळी तग धरते, पण झाडू मारणारं कोणी उरत नाही, म्हणून कफ साचतो. ओढणं थांबलं तर हा बदल बऱ्याचदा मागे फिरतो, चालूच राहिलं तर त्याच जागी पुढचं दुखणं उभं राहतं. गर्भाशयाच्या मुखाशी मात्र स्क्वेमस मेटाप्लेशिया नैसर्गिकच असतो. पॅप स्मिअरच्या, म्हणजे तिथल्या पेशी खरवडून केलेल्या तपासणीच्या, रिपोर्टमध्ये एवढाच शब्द असेल तर झोप उडवून घेऊ नका.

आता डिस्प्लेशिया. आपल्याकडे तोंडातल्या पांढऱ्या चट्ट्यांच्या रिपोर्टमध्ये हा शब्द येतो, आणि सगळ्यात महाग पडणारी चूकही इथेच होते.

गालाच्या आतल्या अस्तराच्या अगदी तळाशी नव्या पेशी जन्माला येतात. वर सरकता सरकता त्या चपट्या होतात, त्यांचं केंद्रक आक्रसतं आणि शेवटी त्या गळून पडतात. या शिस्तीला डिफरन्शिएशन म्हणतात, म्हणजे पेशीने आपलं काम शिकून तयार होणं. डिस्प्लेशियात ती शिस्त मोडते. वरच्या थरात पोहोचलेली पेशीही तळातल्यासारखी कच्ची राहते, केंद्रक मोठं आणि गडद दिसतं, विभाजन नको तितक्या वर चालू असतं. ढोबळमानाने हा गोंधळ तळाच्या एक तृतीयांश भागात असेल तर माइल्ड, मधल्या भागापर्यंत गेला तर मॉडरेट, त्याच्याही वर चढला तर सिव्हिअर. अस्तराखालचा पातळ पडदा फोडून पेशी खाली उतरल्या की मग तो कॅन्सर.

लोक 'माइल्ड' वाचतात आणि अंगात थोडी कणकण असावी तसं ते सोडून देतात. तंबाखूची पुडी खिशात राहते, फॉलो-अप राहून जातो. तंबाखू सुटल्यावर काही चट्टे विरतात, हे मी पाहिलं आहे. पण कुठला विरेल आणि कुठला पुढे सरकेल, हे स्लाइड बघून खात्रीने सांगता येत नाही. म्हणून डॉक्टरांनी दिलेली तारीख चुकवू नका. चट्टा लाल असेल किंवा पांढऱ्यात लाल ठिपके असतील तर आणखी घाई करा.

माहिती लपवणं, किंवा ती द्यायची असते हेच न सुचणं, ही आणखी एक चूक. "तंबाखू खाता का?" असं विचारल्यावर कितीतरी आजी मनापासून "नाही" म्हणतात, आणि रोज सकाळी मिश्री लावत असतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. "नुसती सुपारी खातो" म्हणणाऱ्या तरुणांचंही तसंच. नुसत्या सुपारीनेही गालाच्या आतला भाग ताठ होतो आणि तोंड उघडेनासं होतं. सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात तो हा आजार. सुपारी सोडल्यावरही आलेला ताठरपणा सहसा पूर्ण जात नाही. २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने सुपारीला माणसात कॅन्सर घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे.

'वेल डिफरन्शिएटेड' वाचून रडू लागलेली माणसं मी पाहिली आहेत. गाठ कॅन्सरची आहे हे खरं, पण तिच्या पेशी अजून मूळ पेशींसारख्या दिसतात, असा त्याचा अर्थ. 'पुअरली' म्हणजे ओळख हरवलेल्या. ही झाली ग्रेड. आजार किती पसरला ते स्टेज सांगते. ग्रेड दोन म्हणजे दुसरी स्टेज नव्हे.

रिपोर्ट चांगला आला, पण जखम तशीच आहे? तर रिपोर्ट फाइलला लावून मोकळे होऊ नका. तीन सेंटिमीटरच्या चट्ट्यातून पाच मिलिमीटरचा तुकडा आला असेल तर रिपोर्ट त्या तुकड्यापुरताच बोलतो. तुकडा फार वरवरचा असेल तर खालचा पडदा दिसतच नाही. इन्व्हेजन म्हणजे पेशी तो पडदा फोडून खाली उतरणं. 'इन्व्हेजन सांगता येत नाही' याचा अर्थ 'इन्व्हेजन नाही' असा होत नाही. जखमेचं कारण दूर करूनही दोन आठवड्यांत भरून न आलेल्या जागेची पुन्हा बायॉप्सी करायला सांगा. सुई टोचली की कॅन्सर पसरतो, या भीतीने तोंडाची बायॉप्सी टाळणाऱ्यांचे महिने फुकट जातात.

तुकडा लॅबपर्यंत तुम्हालाच न्यायचा असेल तर बाटलीत फॉर्मलिन (तुकडा टिकवणारं द्रावण) आहे ना, हे विचारा. सलाइनमध्ये किंवा पाण्यात पेशी सडतात आणि मग आम्हाला काहीच सांगता येत नाही. तुकड्याच्या किमान दहापट फॉर्मलिन हवं.

दुसरं मत घ्यायला मुंबईला जाताना नुसता कागद किंवा मोबाइलमधला फोटो नेऊ नका. तिथले डॉक्टर मूळ स्लाइड आणि तुकडा ज्यात बसवलेला असतो ते मेणाचे ब्लॉक मागतात. ते लॅबकडून मागून घ्या, स्लाइड कडक डबीत ठेवा, आणि मे महिन्यात ब्लॉक बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण मऊ पडतं. ब्लॉक शोधायला लॅबला रिपोर्टवर छापलेला बायॉप्सी नंबर लागतो, तो लिहून ठेवा.