ओटीपी ज्या नंबरवर येतो, त्या नंबरची राखण

बँक, पीक विमा, पीएम-किसान, गॅस, सगळीकडे एकच मोबाईल नंबर दिलेला असतो आणि सगळ्यांचा ओटीपी त्याच नंबरवर एसएमएसने येतो. तो एसएमएस पोचवणाऱ्या यंत्रणेचा पाया १९७० च्या दशकात आखला गेला. टेलिफोन कंपन्यांची नेटवर्क आपसात ज्या एसएस-सेव्हन पद्धतीने बोलतात, तिच्यात समोरून आलेला संदेश खरा की खोटा हे तपासायची सोयच ठेवलेली नव्हती. २०१७ मध्ये जर्मनीत याच वाटेने ग्राहकांचे बँकेचे कोड वळवून खात्यांतले पैसे काढले गेले. हे भोक बुजवणे कंपन्यांच्या हातात, आपल्या नाही. पण मराठवाड्यात नंबर हातचा जातो तो बहुतेक साध्या वाटांनी, आणि त्या बंद करता येतात.

पहिली वाट अंगठ्याची. सिम घेताना "अंगठा बसला नाही, परत ठेवा" असे दुकानदार म्हणतो. कोयता धरून, कापूस वेचून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्यात त्यांचा अंगठा खरोखरच बसत नाही, म्हणून शंका येत नाही. पण त्या दुसऱ्या ठशावर दुसरे सिम काढता येते. दुसऱ्यांदा अंगठा मागितला की आधी स्क्रीन आपल्याकडे वळवायला सांगा आणि पहिला प्रयत्न खरेच फसला का ते बघा. घरी आल्यावर संचार साथीच्या सरकारी संकेतस्थळावर 'तुमच्या नावावरची मोबाईल कनेक्शन' उघडा, आपला नंबर आणि ओटीपी टाका. तुमच्या नावावरचे नंबर दिसतील. अनोळखी नंबरापुढे 'माझा नाही' निवडा. महाराष्ट्रात एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त ९ सिम चालतात, तेव्हा यादी लांब निघाली तर घाबरण्याआधी घरातल्यांना विचारा. पोराबाळांचे सिम बहुधा वडिलांच्याच नावावर असते.

आधार ॲपमधून बायोमेट्रिक लॉकही करता येते. मात्र लॉक असताना रेशन दुकानातल्या मशीनवरही अंगठा चालत नाही. धान्य आणायच्या आधी ते उघडायचे आणि नंतर परत लावायचे, एवढे सांभाळणार असाल तरच लावा.

मग सिमला पिन. फोनला लॉक असला तरी चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि ओटीपी तिकडे घेतो; पिन असेल तर ते जमत नाही. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, सिक्युरिटी, सिम लॉक असे जा (नावे फोनप्रमाणे थोडी बदलतात). सुरुवातीचा पिन कंपनी ठरवते. तो अंदाजाने टाकू नका, कस्टमर केअरला विचारा. ३ वेळा चुकला की सिम पीयूके (सिम परत उघडायचा कंपनीकडचा कोड) मागते, आणि पीयूके १० वेळा चुकला की सिम कायमचे मेले. याच बैठकीत लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणे बंद करा, नाहीतर फोन न उघडताच ओटीपी वाचता येतो.

व्हॉट्सॲपच्या अकाउंट सेटिंगमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा, ६ आकडी पिन आणि ईमेल द्या. डायलरवर *#२१# दाबून कॉल फॉरवर्डिंग, म्हणजे आपले कॉल दुसऱ्या नंबरवर वळवलेत का, ते बघा. अनोळखी नंबर निघाला तर ##००२# ने सगळे फॉरवर्डिंग रद्द होते. फॉरवर्डिंगने एसएमएस जात नाही, पण कॉलवर सांगितला जाणारा कोड जातो. म्हणूनच कुरिअरवाला म्हणवणारा कुणी डायलरवर अमुक कोड दाबा म्हणाला तर दाबायचा नाही, त्याने फॉरवर्डिंग सुरू होऊ शकते.

टू-जीचे, म्हणजे जुन्या मोबाईल नेटवर्कचे, प्रकरण जरा वेगळे. टू-जीमध्ये टॉवर फोनची ओळख तपासतो, फोन टॉवरची तपासत नाही. त्यामुळे खोटा टॉवर उभा करून बँकेच्या नावाने एसएमएस पाठवता येतात. अँड्रॉइड १२ पासून काही फोनमध्ये सिमच्या सेटिंगमध्ये 'टू-जी चालू' हे बटन असते, ते बंद करा. संभाजीनगर, लातूर, नांदेड शहरात काही अडत नाही. बालाघाटाच्या डोंगरातल्या एखाद्या वाडीत टू-जीचीच रेंज असेल तर मात्र फोन लागणारच नाही, तिथे चालू राहू द्या. बंद करण्याआधी व्होएलटीई (VoLTE, फोर-जीवरून कॉल करायची सोय) सुरू आहे ना ते बघा. नसेल तर फोर-जी असूनही कॉल येत नाहीत.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत एक सिम कपाटात राहते. प्रीपेड नंबरावर सलग ९० दिवस काहीच वापर झाला नाही तर कंपनी तो बंद करू शकते आणि पुढे दुसऱ्या कुणाला देऊ शकते. मग तुमच्या बँकेचे मेसेज त्याच्याकडे. नंबर सोडायचाच असेल तर आधी बँक, आधार आणि व्हॉट्सॲपमध्ये नवा टाका, मगच जुना सोडा.

लाईट गेली की टॉवर जातो, त्यामुळे रेंज गेल्याचे आपल्याकडे कुणाला काही वाटत नाही. इथेच फसगत होते. शेजारी त्याच कंपनीचा फोन बघा. त्याला रेंज आहे आणि तुमचा रिस्टार्ट करूनही 'नो सर्व्हिस' दाखवतोय, तर तुमच्याच नंबरचे दुसरे सिम कुणी काढले असू शकते. अशा बदली सिमवर पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवायचा नियम आहे, तेवढीच सवड. दुसऱ्या फोनवरून आधी कंपनीला सिम बंद करायला सांगा, मग बँकेला यूपीआय आणि नेट बँकिंग थांबवायला. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावा. व्यवहाराचा क्रमांक, रक्कम, वेळ आणि खाते क्रमांक हाताशी ठेवा, ते विचारतात.